अब्बांची हेराल्ड

भाईजानचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. वेल्ह्याचं नानीचं जुनं घर पाडायचं ठरलं होतं आणि मागचा गोठा मोकळा करायचा होता. “भंगारवाला 16 हजार देतोय. उद्या टेम्पो घेऊन येईल. तुझी काही हरकत नाही ना?”

गोठ्यात गुरं नव्हती, अब्बांची गाडी होती.

मला चारचाकी चालवता येत नाही. स्कूटीच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. तरी तोंडातून निघून गेलं, “देऊ नकोस. माझ्या हिश्श्यात धर.” अब्बांच्या इंतकालाला वर्ष होत आलं होतं आणि घरात वाटणीचं बोलणं चालू होतं. शरीयतप्रमाणे मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीचा. भाईजान हसला, “निम्म्यात काय घेतेस, इंजिन की बॉडी?” मी म्हटलं, “दोन्ही घेते, बाकीचं तू ठेव.” हे 2022 च्या शेवटी झालं. तेव्हा वाटलं होतं, अब्बांची आठवण म्हणून गाडी जरा पुसून, रंगवून ठेवू. त्या गाडीसोबत आणखी काय माझ्या हिश्श्याला येणार आहे याची कल्पना नव्हती.

वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना गोठ्यातली गाडी म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. अलीकडे सरकारने तालुक्याचं नाव राजगड केलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. तोरण्याच्या पायथ्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, भिंतींना शेवाळ येतं. अशा तेहेतीस पावसाळ्यांत गाडी तिथे उभी होती. वर कौलं फुटलेली. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, मागच्या बाकावर नानीच्या कोंबड्या पिढ्यानपिढ्या अंडी घालत आलेल्या. रंग मुळात फिकट निळा होता असं अम्मी सांगते. पुढच्या डाव्या बाजूला चाक नव्हतं, तिथे विटांची चळत होती. लहानपणापासून मी ती गाडी अशीच पाहत आले. चौथं चाक कुठे गेलं हे कुणाला विचारावंसंही कधी वाटलं नाही.

गाडी 1964 ची, दोन दरवाज्यांची स्टँडर्ड हेराल्ड. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसतं. त्या काळात आपल्या रस्त्यांवर मुख्यतः तीनच देशी मोटारी दिसत: अॅम्बेसेडर, फियाट आणि हेराल्ड. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड 1959 साली तिकडे बाजारात आली. तिचं रूप जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढलं. 1961 पासून ती मद्रासजवळ स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात बनू लागली. इंजिन 948 सीसीचं, म्हणजे आजच्या छोट्या मोटारीएवढंच. दोन दरवाजे आपल्या भरल्या कुटुंबांना गैरसोयीचे वाटत, म्हणून पुढे कंपनीने इथे चार दरवाज्यांची काढली. आमची त्याआधीची.

आमचे दादा पुण्यात एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर होते. वकीलसाहेबांनी 1972 साली फियाट घेतली आणि जुनी हेराल्ड दादांना दिली. पैसे पगारातून थोडे थोडे कापून घेतले. दादा ती भोरला घेऊन आले तेव्हा राजवाड्यापासून आमच्या गल्लीपर्यंत पोरं मागे धावली म्हणतात. अब्बा तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी मोटारीचं काम शिकलं ते याच गाडीवर. पुढे भोरला त्यांचं गॅरेज झालं, पण हेराल्ड कधी गिऱ्हाइकाची झाली नाही. ती घरची होती. लग्नाच्या वरातीला ती, अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात न्यायला ती, भाटघरच्या धरणावर सहलीलाही तीच.

अब्बा तिला स्पोर्ट्स कार म्हणायचे. लोक हसायचे. दोन दरवाजे असले म्हणून काय झालं, मागे चार पोरं आणि पिठाची गोणी बसवायची ती कसली स्पोर्ट्स कार! पण अब्बांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वकीलसाहेबांनी दादांना सांगितलेलं, दादांनी अब्बांना. 1962 साली हेराल्डचीच चासी आखूड करून ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार काढली होती. पुढची चाकं, स्टेअरिंग, इंजिनाचं कूळ, सगळं एकच. “सख्खी बहीण आहे तिची,” अब्बा म्हणायचे, “हिचं लग्न गरिबाघरी झालं एवढंच.”

तिची आणखी एक गंमत होती. बॉनेट नेहमीच्या गाड्यांसारखं काचेपासून उघडत नाही. दिवे, मडगार्ड, सगळं तोंडच्या तोंड पुढे कलतं, मगरीच्या जबड्यासारखं. पुढची चाकं आणि त्यांचे सांधे उघडे पडतात. मिस्त्रीला गाडीखाली झोपावं लागत नाही, चाकावर बसून काम करता येतं. सगळं डोळ्यांसमोर असतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, त्याचं कारण पुढे येईल.

1989 च्या जूनमध्ये महाडला एक लग्न होतं. परत येताना गाडी चाचा चालवत होते. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, तेव्हा सत्तावीस वर्षांचे. मागे दादी आणि फुफी. वरंधा घाटात पहिला पाऊस सुरू झाला होता. चढावरच्या एका अवघड वळणावर चाचांनी पूर्ण स्टेअरिंग मारलं आणि गाडी सरळ कठड्यावर गेली. दादीच्या कपाळाला खोक पडली, फुफीचा हात मोडला, चाचांचा डावा पाय दोन ठिकाणी. अल्लाहची मेहेरबानी, कठडा टिकला.

चाचांनी त्या वर्षी एसटीत ड्रायव्हर भरतीचा फॉर्म भरला होता. पाय बरा झाला, पण आखूड राहिला. एसटी गेली. त्यांनी चौकात पंक्चरचं दुकान टाकलं आणि पुन्हा कधी स्टेअरिंग धरलं नाही. घरात एक वाक्य मात्र कायमचं राहिलं. कुठे जायचं निघालं, कुणी नवी गाडी घेतली, की कुणीतरी म्हणायचंच, “चाचांच्या हातात चावी देऊ नका हं!” सगळे हसायचे. चाचाही हसायचे. मीही हसले आहे. अब्बा हसायचे नाहीत, पण कुणाला गप्पही करायचे नाहीत. हे मला त्यांच्या मागे आठवलं.

अब्बांनी गाडी टेम्पोत घालून वेल्ह्याला, आपल्या सासुरवाडीच्या गोठ्यात नेऊन ठेवली. भोरमध्ये त्यांच्यासारखा मिस्त्री नव्हता. लोकांच्या कठड्यावर आदळलेल्या, दरीत गेलेल्या गाड्या त्यांनी उभ्या केल्या. घरची गाडी मात्र केली नाही, विकलीही नाही. कुणी विचारलं तर “बघू” म्हणायचे. मन उडालं असेल, असं आम्ही धरून चाललो.

दुरुस्तीचं काम 2023 च्या उन्हाळी सुट्टीत सुरू झालं. गोठा जाणार होता म्हणून गाडी भोरला आणली, अब्बांच्या बंद गॅरेजमध्ये. भाईजानच्या ओळखीने एक डेंटर मिळाला आणि अब्बांचा जुना चेला, जो आता स्वतः उस्ताद झाला आहे, रविवारी येऊ लागला. मी वही घेऊन बसायचे आणि नोंदी करायचे. सुरुवातीला त्या दोघांना बाईमाणसासमोर शिव्या देता येईनात, त्यामुळे काम हळू चालायचं. मग त्यांनाही सवय झाली आणि मलाही.

हेराल्ड वाचू शकली याचं कारण तिची चासी. हल्लीच्या गाड्यांत बॉडी हीच चासी असते. पत्रा सडला की गाडी संपली. हेराल्डला खाली लोखंडी सांगाडा वेगळा आहे आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडलेली आहे. आम्ही बॉडी सुटी केली. बोल्ट गंजून एकजीव झालेले, काही तापवून काढले, काही कापावे लागले. चासीचा मधला कणा शाबूत निघाला. दोन बाजूंना फुटलेले फाटे, ज्यांवर दरवाज्याखालचा भाग बसतो, ते मात्र हाताने चुरा होत होते. ते नवे बनवले. खालचा पत्रा कापून नवा जोडला, वर रेड ऑक्साइडचे दोन हात. स्टेपनी ठेवायच्या खळग्यात तर माती साठून गवत उगवलं होतं.

इंजिन जाम होतं. उस्तादांनी प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि सांगितलं, “टीचर, आता आठ दिवस हात लावायचा नाही.” आठ दिवसांनी पान्याने जरा पुढे, जरा मागे. तिसऱ्या रविवारी इंजिन बोटभर फिरलं. त्या दिवशी आम्ही मिठाई आणली. पुढे रिंगा, बेअरिंगं, पाण्याचा पंप, सगळं झालं. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही.

डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं गाडीचं पुस्तक निघालं. इंग्रजी, वाळवीने कडा खाल्लेलं. अब्बा उर्दू छान वाचायचे, मराठीही, पण इंग्रजीशी गाठ पडण्याआधीच त्यांची शाळा सुटली होती. तरी पुस्तकात जागोजागी त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. नीट पाहिल्यावर कळलं की सगळ्या खुणा आकड्यांना आहेत. प्लगची गॅप, टायरची हवा, फायरिंगची पाळी 1-3-4-2. आकडे त्यांना वाचता येत होते. आकड्यांभोवती त्यांनी गोल केले होते आणि शेजारी उर्दूत बारीक लिहिलं होतं. जिथे नुसतेच शब्द होते ती पानं कोरी होती.

पुढचं डावं चाक का नव्हतं, हा प्रश्न आता पहिल्यांदा पडला. चाक भिंतीला टेकून ठेवलेलं सापडलं, पण ते बसवायचं कशावर? जो उभा लोखंडी दांडा चाकाला धरतो तोच नव्हता. अब्बांच्या हत्यारांची पेटी उपसताना तळाशी तेलात भिजवलेल्या गंजीफ्रॉकमध्ये गुंडाळलेली एक जड वस्तू हाती लागली. उलगडली तर तोच दांडा, खालून मोडलेला. त्याखालचा पितळी ठोकळाही सोबत होता, मोडलेलं टोक अजून आत अडकलेलं. मला वाटलं, नमुना म्हणून ठेवला असेल, नवा मिळवायला. तसा नवा मिळवायचाच होता. मी ते सगळं पिशवीत घालून पुण्याला नेलं.

नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली, बुधवारी जुना बाजार पाहिला. हेराल्डचं म्हणून काही मिळेना. एका दुकानदाराने एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला, त्यांनी उमेदीच्या वयात हेराल्डच केल्या होत्या. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. त्यांनी दांडा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोडलेलं तोंड उजेडाकडे धरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“बाई, हे बघा,” ते म्हणाले. मोडलेल्या तोंडाचे दोन रंग होते. अर्ध्याहून जास्त भाग काळपट तपकिरी, गुळगुळीत. उरलेली चंद्रकोरीएवढी जागा राखाडी, साखरेसारखी दाणेदार. “हा काळा भाग आहे ना, तो मोडायच्या आधी कितीतरी महिने चिरलेला होता. चिरेत पाणी गेलं, गंज चढला. ही कोर तेवढी त्या दिवशी तुटली. एवढ्याशा कोरीवर गाडी चालली होती. पूर्ण स्टेअरिंग मारलं की इथे जोर येतो. चालवणारा कोणी का असेना, ती तुटणारच होती.”

मी विचारलं, चिरतो कशामुळे?

“ग्रीसमुळे. हा दांडा पितळेत आट्यांवर फिरतो. तिथे जाड गिअरचं तेल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांत पोचत नाही, बसून राहतं. मग पाणी शिरतं, लोखंड गंजतं, जाम होतं. अॅम्बेसेडरला ग्रीस, फियाटला ग्रीस, म्हणून सगळे हिलाही ग्रीसच मारायचे. मीही सुरुवातीला मारलंय.”

परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर होती. कापूरहोळ येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. त्या मिस्त्रींनी जे एका नजरेत ओळखलं ते अब्बांनी ओळखलं नसेल? ज्यांनी आयुष्यभर मोडलेले पुर्जे हातात धरून ‘हे कशाने गेलं’ हेच सांगितलं, त्यांनी? बॉनेट उचललं की सांधा समोर दिसतो त्या गाडीत? त्यांना त्याच आठवड्यात कळलं असणार. म्हणून तो तुकडा तेलात ठेवला, गंजून पुरावा पुसला जाऊ नये म्हणून. आणि म्हणूनच गाडी केली नाही, विकलीही नाही. तेहेतीस वर्षं “चाचांच्या हातात चावी देऊ नका” हे ऐकत राहिले आणि बोलले नाहीत.

घरी येऊन पुस्तक उघडलं. वंगणाच्या तक्त्यात पुढच्या चाकांच्या त्या खालच्या सांध्यासमोर तेलच सांगितलेलं होतं. स्वच्छ छापलेलं, वाळवीनेही सोडलेलं. त्या ओळीत आकडा नव्हता. पेन्सिलीची खूणही नव्हती.

माझं बीएडचं शिक्षण झालंय, तीन भाषा वाचता येतात. 1989 साली मी दहा वर्षांची होते, इंग्रजीची नुकतीच सुरुवात. दुसरं कोणी वाचून दाखवू शकलं असतं का? भोरच्या शाळेत मास्तर होते, वकील होते, डॉक्टर होते, त्यांच्या गाड्या अब्बांच्याच हाताखालून जायच्या. ‘एवढं पान वाचून दाखवा’ असं अब्बा कुणाला म्हणाले नसतील. उस्ताद म्हणवणाऱ्या माणसाला ते जड जातं. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दोन-तीन मुलं असतात, ज्यांना वाचता येत नाही पण गणितं येतात. आकडे उचलतात आणि उत्तर बरोबर आणतात. आम्हीही खूश होऊन बरोबरची खूण करतो. त्याखालची ओळ त्यांना वाचता आली नाही, हे आम्हाला कळत नाही आणि ती सांगत नाहीत.

पण न वाचता येणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. पहिल्यासाठी मी अब्बांना दोष देऊ शकत नाही. दुसऱ्याचं काय करायचं हे मला तीन आठवडे सुचलं नाही. आपल्याकडे शिकवण आहे की गेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं, त्याचे ऐब झाकावेत. आणि हुकूकुल इबाद, माणसांचे माणसांवरचे हक्क, याचीही शिकवण आहे. बंद्याचा हक्क मारला तर त्याची माफी त्या बंद्यानेच द्यायची असते. अब्बांचा ऐब झाकला तर चाचांचा हक्क बुडत होता. भाईजान म्हणाला, “कशाला उकरतेस? दोघंही म्हातारे झाले, एक गेले.” अम्मीला मी सांगितलंच नाही. आणि समजा मी गप्प बसले, तर तो तुकडा पुन्हा गंजीफ्रॉकमध्येच गुंडाळावा लागला असता. फरक इतकाच की या वेळी तो माझ्या पेटीत गेला असता.

शेवटी एका दुपारी मी चाचांच्या दुकानात गेले. ते बुटक्या स्टुलावर बसून ट्यूब घासत होते. मी दांडा त्यांच्या हातात दिला आणि मिस्त्री जे बोलले ते सांगितलं. माझ्या मनात होतं, त्यांचे डोळे भरून येतील, ते म्हणतील की बेटा, तू माझ्यावरचा डाग पुसलास. तसं काही झालं नाही. त्यांनी तोंडावर अंगठा फिरवला, आधी काळ्या भागावर, मग कोरीवर.

“ग्रीस?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“ग्रीसगन माझ्या हातात असायची. गॅरेजात सगळ्यात लहान मी. भाईने कधी सांगितलं, कधी नाही, मी दर जुम्म्याला सगळीकडे मारायचो. जास्तच मारायचो, घरची गाडी म्हणून.”

म्हणजे माझ्याकडे जो निकाल तयार होता तोही टिकला नाही. मी शिक्षिकेसारखं विचारलं, मग चूक कुणाची म्हणायची?

“चुकीचं सोड,” ते म्हणाले आणि मग आवाज चढला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. “तो रोज संध्याकाळी इथे चहाला यायचा. रोज! या स्टुलावर बसायचा. दुकानाचं डिपॉझिट त्याने भरलं, माझ्या पोरीच्या लग्नात मागितल्याशिवाय पैसे दिले. मला वाटायचं भाऊ आहे म्हणून देतोय. अरे, एक शब्द सांगायचा होता. मी काय त्याला फाशी दिली असती? मी तर आजवर समजत होतो की माझाच पाय ब्रेकवरून सरकला.”

तेहेतीस वर्षं त्यांनी स्वतःलाही तेच सांगितलं होतं, जे आम्ही हसत हसत सांगत होतो.

माफीचं त्या दिवशी काही निघालं नाही आणि मीही विषय काढला नाही. ते त्यांचं देणं, त्यांच्या हिशेबाने. मी एवढंच केलं की पुढच्या ईदला सगळे जमले असताना, कुणीतरी ते चावीचं वाक्य बोललं तेव्हा, तो तुकडा ताटलीत ठेवून सर्वांसमोर फिरवला आणि दोन रंगांचा अर्थ सांगितला. अब्बांचं नाव घेतलं नाही, कोणी विचारलंही नाही. ते वाक्य त्यानंतर आमच्या घरात ऐकलं नाही.

चाचा मात्र पंधरा दिवसांनी रिक्षा करून गॅरेजवर आले. काही न बोलता गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, “हे मडगार्ड नीट बसलं नाही.” तेव्हापासून ते रोज येतात.

नवा दांडा आणि पितळी ठोकळा इंग्लंडहून मागवला. अब्बांचं ‘सख्खी बहीण’ इथे कामाला आलं. स्पिटफायर 1980 पर्यंत बनत होती, तिचे शौकीन तिकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे तो सांधा अजून नवा बनतो. ड्युटी धरून तो पुर्जा भंगारवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या आसपास पडला. भाईजान म्हणाला, “बघ, आख्खी गाडी त्याला दिली असती तर एक दांडा आला असता.” एकूण खर्च मी इथे लिहीत नाही, कारण हा लेख घरचेही वाचतात.

कागदांचं काम अजून चालू आहे. गाडी दादांच्या नावावर, मध्ये दोन पिढ्या. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूप राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क 20 हजार, नोंदणी 10 वर्षांची. अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची. वरंधा घाटात ती पुन्हा जाईल की नाही मला माहीत नाही, आणि जावी असा माझा हट्टही नाही. सध्या ती गॅरेजच्या आवारात पुढे-मागे होते. गेल्या महिन्यात चाचा स्टेअरिंगवर बसले. डावा पाय क्लचवर नीट पोचत नाही, म्हणून पाठीमागे उशी दिली. दहा पावलं पुढे, दहा मागे. उतरून म्हणाले, “स्टेअरिंग हलकं आहे.” एवढंच.

मी माझ्या परीने एक काम केलं. पुस्तकातला तो तक्ता मराठीत आणि उर्दूत उतरवला, मोठ्या अक्षरात, आणि गॅरेजच्या भिंतीवर लावण्यासाठी चाचांना दाखवला. त्या सांध्यासमोर मी नेमका शब्द म्हणून लिहिलं होतं, ‘वंगण’. उर्दूत ‘चिकनाई’.

चाचांनी वाचलं आणि कागद परत दिला.

“बेटा, वंगण लिहिलंस तर पोरगा ग्रीसच मारणार. तेल लिही. आणि खाली लिही, ग्रीस नाही.”

मी खोडून तसं लिहिलं.